न घेतलेल्या कर्जाची नोटीस

संत जनाबाईंच्या गंगाखेडला गोदाकाठी गेलं, की साखर कारखान्याचा विषय आजही निघतो. 2017 मध्ये या भागातल्या शेतकऱ्यांच्या दारात बँकांच्या नोटिसा आल्या: कर्ज थकलंय, भरा. कर्ज घेतलंच नव्हतं! ऊस घालताना दिलेल्या कागदांवरून आपल्या नावे परस्पर रक्कम उचलली गेली, असा त्यांचा आरोप. गंगाखेड शुगरचे रत्नाकर गुट्टे यांच्यावर गुन्हा दाखल झाला, 2019 मध्ये अटक झाली. त्याच वर्षी तुरुंगातून निवडणूक लढवून ते आमदार झाले. डिसेंबर 2020 मध्ये ईडीने सुमारे 255 कोटींची मालमत्ता जप्त केली.

दोषी कोण, हे न्यायालयाचं काम. आम्हाला खटकतं ते वेगळंच. एरवी पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ, बेबाकी अशी कागदपत्रं जुळवताना शेतकऱ्याच्या चपला झिजतात. साहेब जेवायला गेलेले असतात ते वेगळंच. मग इथे कर्जदाराचं तोंडही न पाहता मंजुरी मिळाली असेल, तर सही कोणाची होती? शाखाधिकाऱ्याची? लेखापरीक्षकाची? कारखान्याच्या नावाची चर्चा गावोगाव झाली, टेबलापलीकडच्या माणसाचं नाव मात्र पारावर कुणाला सांगता येत नाही.

आणि मतदार? त्यांनी 2024 मध्ये गुट्टे यांनाच पुन्हा निवडून दिलं. त्यांना भोळं ठरवणं सोपं आहे, पण आम्ही ते करणार नाही. ऊस तोडून न्यायला गाडी कोण पाठवतो, हा प्रश्न इथे कोर्टाच्या तारखेआधी येतो.