चाखणे आणि पिणे

‘चाखणे’ आणि ‘पिणे’ या दोन क्रियापदांत मराठीने पूर्वीपासून भेद राखला आहे. मीठ पडले की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी तळहातावर थेंबभर आमटी घेते, तेव्हा ती आमटी प्याली असे कोणी म्हणत नाही. मद्याच्या बाबतीत मात्र लोकभाषेने हा न्याय गमतीदार रीतीने उलटा केला आहे. ‘चखणा’ हे नाव तिथे मिळते ते खाऱ्या शेंगदाण्यांना आणि शेवेला. म्हणजे चाखायचे ते शेंगदाणे, आणि पेला तेवढा रिता करायचा!

याचे स्मरण होण्याचे कारण असे की, नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला गेलेली आपल्या घरांतील मुले-मुली सुटीत आली म्हणजे हल्ली एका नव्या हौसेविषयी बोलतात. चार मित्र संध्याकाळी जमतात आणि जागेवरच बिअर तयार करणाऱ्या एखाद्या ठिकाणी, लाकडी फळीवर मांडलेल्या पाच-सहा चिमुकल्या पेल्यांतून निरनिराळ्या बिअर चाखून पाहतात. पुण्यात ‘डूलाली’ने 2009 साली असा छोटा कारखाना काढला, देशातील आरंभीच्या अशा कारखान्यांत त्याची गणना होते. मुलांनी हा विषय काढला की घरातील वडीलधारी मंडळी एक तर संतापतात, नाही तर ऐकलेच नाही असे दाखवून पानावरून उठतात. या दोन्ही उपायांनी काही साधते असे आम्हांस वाटत नाही. आणि या मताला आमच्या बऱ्हाणपूरचा इतिहासच कारण झाला आहे. पण तिकडे वळण्यापूर्वी त्या पेल्यांत असते तरी काय, ते पाहू.

बिअरचे मूळ द्रव्य म्हणजे मोड आणलेले जव. आपण लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून सत्त्व करतो. माल्ट करण्याची रीत बरीचशी तशीच. मोड आल्याने दाण्यातील पिठूळ अंशाचे साखरेत रूपांतर करण्याची शक्ती जागी होते. ती साखर यीस्ट खाते आणि तिच्यापासून मद्यार्क निर्माण होतो. कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. जव, पाणी, हॉप्स आणि यीस्ट एवढ्या चार जिनसांतून बहुतेक प्रकार होतात. थंडाव्यात सावकाश आंबवून दीर्घकाळ मुरवली तर ती लागर. त्याहून उबदार हवेत लवकर आंबवली तर ती एल. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बाटलीबंद बिअर लागर जातीची असते. सोनेरी पिल्सनर हा तिचाच एक प्रकार. तो 1842 साली बोहेमियातील पिल्सेन गावी प्रथम तयार झाला, आणि तेथील मृदू पाण्याचा त्याच्या चवीत मोठा वाटा होता. ‘इंडिया पेल एल’ नावाने भारतीय असली तरी ती इंग्लंडात तयार होऊन इकडच्या साहेबांसाठी जहाजाने येई. हिंदुस्थानातच बिअर गाळण्याचा आरंभीचा मोठा उद्योग एडवर्ड डायर याने 1855 च्या सुमारास कसौलीच्या थंड डोंगरावर केला. स्टाउट काळीभोर असते, कारण तिच्यात करपेपर्यंत भाजलेले जव पडतात. तिला कॉफीसारखा वास येतो तो त्यामुळे.

बऱ्हाणपूरकरांना विशेष नवल वाटेल ते गव्हाच्या जर्मन बिअरचे. ‘हेफेवायझेन’ या नावाची ही गढूळ बिअर नाकाशी नेली की पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. तिच्यात केळे मुळीच नसते. यीस्ट आंबवताना आयसोअमिल ॲसिटेट नावाचे जे द्रव्य तयार करते, तेच पिकत्या केळ्याच्या वासातही मुख्य असते. ज्यांच्या जिल्ह्याची ओळखच केळी आहे, त्यांना हा वास ओळखायला गुरू नको!

जाणकार माणूस आधी फिकट, मग गडद अशा क्रमाने जातो. आधी वास घेतो, एक लहान घोट जिभेवर फिरवतो, मध्ये साधे पाणी पितो. बर्फासारखी गार बिअर तो टाळतो, कारण गारठ्याने वास दबतो. तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतर जीभ आणि लक्ष दोन्ही मंदावतात, आणि तिथून पुढे चाखणे संपून पिणे सुरू होते.

आता बऱ्हाणपूर. अकबराचा पुत्र शाहजादा दानियाल येथे सुभ्यावर होता. त्याचे मद्यपान हाताबाहेर गेले, तेव्हा बादशहाच्या हुकुमावरून त्याचा सासरा खानखाना अब्दुर्रहीम, म्हणजे दोहे रचणारा रहीम, याने पहारे बसवले. शाहजाद्याने सेवकांची विनवणी केली. तेव्हा एका बंदूकधाऱ्याने त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेली कडक दारू भरून ती आत नेली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश तीत उतरला. ती पिऊन शाहजाद्याने अंथरूण धरले आणि 1605 साली, वयाच्या 33 व्या वर्षी, तो गेला. त्याचा भाऊ मुराद 1599 मध्ये दख्खनेत याच व्यसनाने गेला होता. पुढे जहांगिराचा पुत्र परवेझ 1626 मध्ये बऱ्हाणपुरातच त्याच मार्गाने गेला. दानियालची हकीकत स्वतः जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. आपण दिवसाला वीस पेले घेत होतो आणि हकिमाने बजावल्यावर ते हळूहळू सहांवर आणले, हेही त्याने तिथे सांगून टाकले आहे. एका भावावर पहारा बसला, दुसऱ्याला हकिमाने स्पष्ट शब्दांत भवितव्य सांगितले. दुसरा पुरता सुटला नाही, परंतु 1627 पर्यंत जगला.

म्हणून घरात बोलावे, आणि हिशेबाने बोलावे. शंभर मिलीलिटरचे सहा चिमुकले पेले म्हणजे सहाशे मिलीलिटर बिअर. 5 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात 30 मिलीलिटर शुद्ध मद्यार्क होतो. व्हिस्कीच्या 60 मिलीलिटरच्या मोठ्या पेगात तो सुमारे 26 असतो. तेव्हा ‘नुसते चाखले’ हे म्हणणे खरे नव्हे. एवढा मद्यार्क शरीरातून जाण्यास तीन तास तरी लागतात. वाहन चालवणाऱ्याच्या 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे, आणि सहा पेल्यांनी ही मर्यादा ओलांडली जाणे सहज शक्य आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. मध्य प्रदेशात काय किंवा महाराष्ट्रात काय, बिअरसाठीही वयाची 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

तेव्हा चिरंजीव किंवा कन्या असा बेत सांगू लागली, तर पानावरून उठू नये. किती पेले, किती टक्क्यांची, पोटात आधी काही घातले होते का, आणि परतताना गाडी कोण चालवणार, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. चौघांनी मिळून एकच फळी मागवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक प्रकाराचा एकेक घोट येतो आणि चव कळण्यास तो पुरतो. मंडळीत एखादा न घेणारा असेल, तर त्याला आग्रह करू नये, हेही मुलांना सांगावे. त्याच्यापुढे लिंबाचे सरबत ठेवावे आणि हवे तर केळ्याचा तो वास तेवढा घेऊ द्यावा. वास घेण्यास वयाची अट नाही, आणि त्याने कोणाची गाडीही अडत नाही.