पाटीमागच्या बाईचं काय?

‘फूड वॉक’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळायला लागलाय. जुन्या शहराच्या बाजारपेठेतून दहा-बारा जणांनी गाइडच्या मागून चालायचं, ठिकठिकाणी थांबून तिथलं खास काही चाखायचं, त्यामागची गोष्ट ऐकायची आणि पुढं सरकायचं. दिल्ली-मुंबईत हे बरीच वर्षं चाललंय. अहमदाबादच्या महापालिकेनं तर १९९७ मध्येच जुन्या शहरातून पायी फेरी सुरू केली. ती फेरी देवळापासून निघून जुम्मा मशिदीपाशी संपते आणि मंडळी तिथूनच माणेकचौकात खायला वळतात.

पैसे देऊन मंडई बघायची, हे ऐकून आपल्यातल्या बऱ्याच जणी हसतील. “आम्ही रोज पिशवी घेऊन जातो, ते काय मग?” असंही म्हणतील. पण मैत्रिणींनो, मला हा विषय हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. जी गोष्ट आपण रोज फुकट करतो, तिचे कुणीतरी पैसे घेतंय आणि कुणीतरी ते आनंदानं देतंय. मग त्या पैशात आपण कुठं आहोत, हे विचारायला नको का?

पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीनं असाच एक वॉक ठरवला होता आणि मलाही ओढून नेलं. कोल्हापुरात जन्म गेलेली मी, कोल्हापूर बघायला निघाले! आम्ही अकरा जण होतो. गाइड तिशीच्या आतला, चुणचुणीत मुलगा. बोलणं गोड, वागणं अदबीचं. त्याच्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही, हे आधीच सांगते.

सुरुवात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर झाली. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळलेला पेला हातात द्यायचा, हे बघून पाहुणे मंडळी थक्क झाली. धारोष्ण दूध, पैलवान, तालमी, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. पुढं पापाच्या तिकटीवरून महाद्वार रोडला लागलो आणि तिथून कपिलतीर्थ मंडईत शिरलो. इथं पूर्वी तीर्थ होतं, म्हणजे तळं. ते बुजवलं गेलं आणि पुढं तिथं मंडई भरू लागली. कोल्हापूरचं ग्रामदैवत मानला जाणारा कपिलेश्वर आजही मंडईतच आहे, भाजीच्या ढिगांच्या सोबतीला. हेही त्यानं छान सांगितलं.

मग आम्ही एका आजींच्या पाटीसमोर थांबलो. पंचगंगेच्या पलीकडच्या गावातून पहाटे माळवं घेऊन आलेल्या. पोकळा, शेपू, अंबाडी, जवारी कोथिंबीर, सगळं ओलं, ताजं. अकरा जणांचं कडं पाटीभोवती पडलं, मोबाइल निघाले, फोटो सुरू झाले. नेहमीची गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर वाट बघत उभी. आजींनी दोन मिनिटं कळ काढली आणि म्हणाल्या, “फोटू काढा की, पण एक पेंढी तरी घ्या. अजून भवानी व्हायची हाय.”

सगळे हसले. एकीनं पेंढीही घेतली, पण हॉटेलवर उतरलेली ती बाई पोकळ्याचं करणार तरी काय? तिनं विचारलंच, “ही कसली भाजी? कशी करतात?” गाइडला ते सांगता येईना. आजींनी सांगितलं: देठ कोवळे असतील तर तेही घ्यायचे, लसूण तेलात लाल करायचा, हिरवी मिरची घालायची, पाणी म्हणून घालायचं नाही, भाजीलाच सुटतं. दोन वाक्यांत सगळी पाककृती! त्या सबंध सकाळी मला मिळालेली सगळ्यांत अस्सल माहिती ती होती. तिचे पैसे मात्र आजींना मिळाले नाहीत. पेंढीचे मिळाले, तेवढेच.

तिथून माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं.

मिरचीच्या दुकानासमोर “कोल्हापूरचं जेवण म्हणजे नुसता जाळ” असं वाक्य आलं. टाळ्या मिळवायला ते बरं आहे. पण वर्षाची चटणी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. रंगासाठी ब्याडगी वेगळी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा जवारी वेगळी, आणि त्यांचं प्रमाण घरातल्या माणसांच्या जिभेप्रमाणे ठरतं. आमच्याकडे किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, शिवाय धणे, जिरे, तीळ, खसखस. कांदा असा परतायचा की ओलसरपणा अजिबात राहता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते. चैत्र-वैशाखात डंकावर नंबर लावून बसायचं, डोळ्यांतून पाणी काढत. वर्षभर टिकणारा पदार्थ अंदाजानं होत नाही, त्याला हिशोब लागतो. आणि नुसता जाळच असता तर पांढरा रस्सा कुठून आला असता? मटणाच्या एकाच अळणीतून दोन रस्से निघतात. एकात आपली चटणी, दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस. एक पेटवतो, दुसरा निववतो. हे ताट ज्या कुणी पहिल्यांदा जमवलं असेल, त्याला आगीबरोबर समतोलही कळत होता.

गुळाच्या बाबतीतही तेच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला बळ दिलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सांगितलं गेलं, सांगायलाच हवं. पण ढेप निवडायची कशी? फार पिवळाधमक, पांढरट गूळ दिसला की आपली आई म्हणायची, “तो नको, पावडर मारलेला दिसतोय.” तांबूस, जरा काळपट असला तरी चालेल, जिभेवर खारट लागता कामा नये. हे मानांकनाच्या कागदात शोधायला कोण जातं? आपण ते आईच्या हाताला धरून शिकलो.

शेवटी खासबागेजवळ मिसळ झाली. पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस आणि वरून कट मागून घ्यायचा, या कोल्हापुरी पद्धतीचं पाहुण्यांना भारी कौतुक. मिसळ खाता खाता मी मनात मोजत होते. तीन तासांत कितीतरी नावं ऐकली: राजांची, पैलवानांची, हॉटेलमालकांची, तीन-तीन पिढ्यांची. त्यात बाईचं एकही नाव नव्हतं. पाटीमागं बाई, डंकाच्या रांगेत बाई, गुऱ्हाळावर बाई, हॉटेलच्या मागच्या अंगाला कांदा चिरणारी बाई, आणि गोष्टीत मात्र बाई नाही!

खाण्याच्या गोष्टीत कुणाचा हात दिसतो आणि कुणाचा झाकला जातो, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून महाराजांच्या पागेतल्या गंगाराम कांबळेंना मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. नाव ‘सत्यसुधारक’. दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक बिचकत होते. तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हाताला मान द्यायचा, हे या शहरानं एका कपाच्या निमित्तानं शिकलंय. खरं तर हा चहा प्रत्येक फूड वॉकमध्ये सांगितला पाहिजे. आमच्या वॉकमध्ये तो नव्हता.

यावर कुणी म्हणेल, “अहो, पाहुणे येतात, चार पैसे येतात, बाजाराचं नाव होतं. त्यात वाईट काय?” वाईट काहीच नाही, हिशोब नीट असेल तर. नसेल तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ला बोकेरिया नावाची जुनी मंडई आहे. तिथं पर्यटकांची इतकी गर्दी व्हायला लागली की रोजच्या गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरेना. फोटो काढणारे फार, खरेदी करणारे थोडे. अखेर २०१५ मध्ये तिथल्या प्रशासनानं नियम केला: शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी ८ ते दुपारी ३ या वेळेत १५ किंवा त्याहून जास्त जणांच्या पर्यटक गटांना मंडईत प्रवेश नाही. मंडई ही आधी भाजी घेणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची, मग बघणाऱ्यांची, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे अजून तेवढी वेळ आलेली नाही. म्हणूनच आत्ताच चार गोष्टी ठरवलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट, गट लहान हवा. पाटीसमोर सहाच्या वर माणसं उभी राहिली की गिऱ्हाईक तुटतं. दुसरी, जिच्यापाशी थांबायचं तिला आधी विचारायचं आणि तिच्या वेळेचे पैसे वॉकच्या फीमधून द्यायचे. उपकार म्हणून नव्हे, ती माहिती देतेय म्हणून. तिसरी, तिचं नाव सांगायचं. मिसळवाल्याच्या तीन पिढ्या सांगता, तर पाटीवाल्या आजींच्या का नाही? चौथी, बाजारातल्या बसण्याच्या जागांचे निर्णय होतात तिथं या बायकांनी बोलायला हवं. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं शहर समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ठेवलेत आणि त्यांत एक तृतीयांश जागा बायकांच्या आहेत. तिथं कोण बसतं, हे आपल्या गावात एकदा विचारून बघा.

आणि आता आपल्याबद्दल. गाइड आपणच का होऊ नये?

लगेच हात झटकू नका. “आम्हाला कुठं बोलता येतं? आम्हाला काय येतं?” हे आपलं पाठ झालेलं वाक्य आहे. तालमी आणि राजवाडे सांगायला पुस्तकं वाचावी लागतील, हे मान्य. पण वांगं कुठलं घ्यायचं, लसूण जवारी की नाही, चटणीला मिरची कितीला किती, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनाही कधी वाटलं नव्हतं की आपलं रांधणं हा धंदा आहे. गिरणी कामगारांचे डबे भरता भरता त्या सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्या आपल्या हिशोबाच्या मालकीण झाल्या. भाकरी तीच होती. तिच्याकडं व्यवसाय म्हणून बघितलं गेलं, एवढाच फरक.

त्यासाठी कोल्हापूरच हवं असंही नाही. तुमच्या गावाला आठवडी बाजार भरतो ना? बचत गटातल्या तिघी-चौघींनी मिळून दोन तासांची फेरी ठरवा. एकीनं बोलायचं, एकीनं पैशाचं बघायचं, बाकीच्यांनी फेरी संपल्यावर भाकरी, पिठलं, ठेचा नाहीतर ज्या त्या ऋतूचं माळवं वाढायचं. खायला घालून पैसे घ्यायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या. शहरातून आलेली मंडळी, सुट्टीला आलेल्या नातेवाइकांचे मित्र, जवळच्या कॉलेजची मुलं, गिऱ्हाईक तिथूनच सुरू होईल. पहिल्या महिन्यात फार कमाई होणार नाही, हेही स्पष्ट सांगते. आणि घरातलं काम त्या दोन तासांपुरतं कुणीतरी दुसऱ्यानं करावं लागेल. ते कोण करणार, हा वाद घरात होईल. होऊ दे. फुकट केलेल्या कामाला कुणी वेळ मोकळा करून देत नाही. पैसे मिळणाऱ्या कामाला मात्र हळूहळू का होईना, देतात.

एवढं जमत नसेल तर निदान एक करा. येत्या रविवारी मुलीला, आणि मुलालाही, मंडईत घेऊन जा. मोबाइलवरून भाजी मागवता येते हे त्यांना कळलंय. कोवळी भेंडी शेंड्याला मोडून बघतात, आणि मोडलेली भेंडी परत पाटीत टाकायची नसते, हे त्यांना कळलेलं नाही. ते शिकवायला कुठल्याही गाइडची फी लागत नाही. आणि हो, जिच्या पाटीसमोर थांबाल, तिचं नाव विचारून या.