किल्ली कोणाच्या हाती?

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामकरी पाळीपाळीने जमिनीखाली उतरतात. या क्षणी खाली कोण आहे हे दर्शविणारी नोंदवही ठेवणे १९५२ च्या खाण कायद्याने बंधनकारक केले होते; वहीत नाव चढल्यावाचून कोणासही कामास लावावयाचे नाही, असाही दंडक होता. दुर्घटना घडली तर शोध कोणाचा घ्यावयाचा, हे त्या नोंदीवरूनच कळावयाचे. अशा वहीत वाटेल त्याने खाडाखोड करून कसे चालेल?

आता पुष्कळ ठिकाणी पाळ्यांचे वेळापत्रक संगणकावर लागते. तेथे वही एक, किल्ल्या मात्र निरनिराळ्या. प्रमुखास सर्व अधिकार असतात, व ते इतरांस वाटून देण्याचाही. पर्यवेक्षकास केवळ आपल्या तुकडीच्या पाळ्या बदलता येतात. कामगार आपली पाळी पाहू शकतो, रजा वा अदलाबदल मागू शकतो. मंजुरी त्याच्या हाती नसते. रजेचे कारण आजाराचे असेल तर ते मंजूर करणाऱ्याखेरीज कोणास दिसू नये, अशीही व्यवस्था करावी. यात मानापमान मुळीच नाही.

घात होतो तो सोयीच्या मोहाने. सर्वांस एकच पासवर्ड दिला की एकाची रात्रपाळी दुसऱ्याच्या माथी कोणी मारली, हे यंत्रासही सांगता येत नाही. आम्हांस वाटते, चार किल्ल्या अधिक कराव्यात, पण एकच किल्ली चौघांत फिरवू नये. आणि पर्यवेक्षकाची बदली झाली की त्याचा अधिकार त्याच दिवशी काढून घ्यावा. निरोपाचा हार घालण्यापूर्वीच म्हणा ना.