वडिलांना फोन करण्याआधी

मैत्रिणींनो, वसतिगृहातली मुलगी 'जगावंसं वाटत नाही' म्हणाली की संस्था पहिलं काम काय करते? वडिलांना फोन.

असाच एक फोन झाला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिने मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं. मैत्रिणीने रेक्टरबाईंना सांगितलं, ते योग्यच केलं. पण दुसऱ्या दिवशी वडील जीप घेऊन हजर! खोली रिकामी झाली, शिक्षण सुटलं, दिवाळीनंतर लग्न लागलं. कॉलेजच्या दप्तरी नोंद एवढीच : 'पालकांच्या ताब्यात दिले.' पुढे ती आमच्या केंद्रावर आली तेव्हा म्हणाली, "ताई, ज्या घराच्या धास्तीने रडत होते, तिथंच मला पोचवलं." त्या वसतिगृहात आता कुठली मुलगी तोंड उघडेल?

म्हणून पालकांना दूर ठेवा, असं मी म्हणत नाही. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली. त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, कॅम्पसमधल्या जातिभेदाविरुद्ध २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लेकरू गेल्यावर आई कोर्टाची पायरी चढते. लेकरू असताना तिला बोलावून तिचं ऐकून घेणारी कॉलेजं किती? २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला.

कायदा काय सांगतो? २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अठरा वर्षांवरच्या मुलीला उपचाराच्या बाबतीत आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क देतो. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. तो प्रतिनिधी बापच असला पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. उपचार करणाऱ्यांनी तिची माहिती गुप्त ठेवायची असते. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, पण गरजेपुरतंच.

तेव्हा आपापल्या गावच्या कॉलेजांकडे आपण तीन मागण्या करू या. पहिली, प्रवेशाच्या वेळीच मुलीला विचारा : अडचणीत कोणाला बोलवायचं? आई, मावशी, भाऊ, एखाद्या बाई, ती सांगेल ते नाव. दुसरी, पालकांची सभा संकट आल्यावर नको, जूनमध्येच घ्या. 'नापास झालीस तरी घर तुझंच आहे,' हे वाक्य पोरीला आधीच ऐकू येऊ दे. तिसरी, धोका दिसला तर तिला एकटी सोडू नका, आधी डॉक्टर गाठा. '१४४१६' हा सरकारी टेलिमानस क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा.

आईबाप हवेतच, पण आधार म्हणून. मुलगी ही कोणाच्या ताब्यात द्यायची वस्तू नव्हे. ती जगली पाहिजे, आणि तिच्या मनासारखं जगली पाहिजे.