भाषा खुली, दार मात्र मालकाचे

ध्वनिमुद्रणाचा कारभार संगणकाकडे गेल्याला आता बराच काळ लोटला. त्या संगणकावर हुकूम कोणाचा चालावा, कलावंताचा की सॉफ्टवेअर कंपनीचा, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर चार दशकांपूर्वीच मिळाले होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडण्यात आले आणि एकाची पट्टी दाबताच दुसरा वाजला. ही ‘मिडी’ नावाची सामाईक भाषा. तिचे प्रवर्तक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी ती विनामूल्य खुली ठेवली. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाले. नियंत्रणासाठी अवघ्या १२८ पायऱ्या, ही तिची मर्यादा. ती ओलांडण्यासाठी बर्कले विद्यापीठात १९९७ च्या सुमारास ‘ओपन साउंड कंट्रोल’ जन्माला आले. त्यात ‘पहिला ट्रॅक, आवाज इतका’ असा वाचता येण्याजोगा निरोप नेटवर्कवरून धाडता येतो. २०२० मध्ये मिडीचीही दुसरी आवृत्ती आली.

भाषा खुली असली, तरी निरोप घेणारे दार मालकाचेच असते. बर्लिनच्या एबलटन कंपनीचे ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर बाहेरच्या उपकरणांशी बोलते ते पायथन भाषेतील स्क्रिप्टद्वारे. या मार्गाची अधिकृत माहिती वर्षानुवर्षे प्रसिद्धच झाली नव्हती. हौशी जाणकारांनी आतला कोड उलगडून आपापल्या स्क्रिप्ट लिहिल्या. २०२१ मध्ये अकरावी आवृत्ती पायथनच्या नव्या पिढीवर गेली आणि त्यातल्या अनेक स्क्रिप्ट नव्याने जुळवून घ्याव्या लागल्या. कंपनीने वचन दिलेच नव्हते, तेव्हा वचनभंगाचा आरोप करता येणार नाही. पण ज्याची मैफल त्या स्क्रिप्टवर उभी होती, त्याला हा युक्तिवाद काय कामाचा?

याउलट ‘रीपर’ या सॉफ्टवेअरने स्क्रिप्टसाठी लागणारी कार्यांची यादी जाहीर केली आणि बाहेरच्यांना भर घालू दिली. त्यातूनच दृष्टिहीन संगीतकारांसाठी ‘ओसारा’ हा मुक्तस्रोत विस्तार उभा राहिला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साह्याने ते आज स्वतः ध्वनिमुद्रण करू शकतात. खुले दार ही काही मूठभर तंत्रवेड्यांची चैन नव्हे. कोणासाठी तो धंद्यात शिरण्याचा एकमेव मार्ग असतो.

कंपन्यांनी आपला कोड फुकट वाटावा, अशी मागणी येथे नाही. दाराची माहिती लेखी द्यावी आणि कुलूप बदलण्यापूर्वी पुरेशी सूचना द्यावी, एवढेच. १९८३ मध्ये प्रतिस्पर्धी एका तारेवर येऊ शकले आणि त्यात कोणाचा धंदा बुडाला नाही. उलट बाजारपेठ वाढली. विकत घेतलेले वाद्य आपल्या हाताप्रमाणे वाजावे, ही वादकाची अपेक्षा जुनीच आहे. वाद्याचे सॉफ्टवेअर झाले म्हणून ती गैरवाजवी ठरत नाही.