प्रश्न विचारणारी श्रद्धा आणि प्रश्नांना भिणारे पक्ष

धर्माचा विषय निघाला की पुरोगामी वर्तुळातील पुष्कळांची चर्चा एका शब्दापाशी सुरू होते आणि त्याच शब्दापाशी संपते. तो शब्द म्हणजे अफू. मार्क्सने १८४४ मध्ये हा शब्द वापरला, तेव्हा पीडितांचे दुःख आणि त्या दुःखाविरुद्धचा त्यांचा निषेध हे दोन्ही धर्मात व्यक्त होतात, हेही त्याने त्याच ठिकाणी सांगितले होते. ते सोयीस्करपणे विसरले गेले आणि उरलेल्या अर्ध्याचे पाठांतर झाले. पाठांतराने विचार करण्याचे कष्ट वाचतात. परंतु कष्ट वाचविणारे वचन, मग ते पोथीतले असो वा जाहीरनाम्यातले, अफूचेच काम करते.

या पाठांतराला निकाराग्वातील एका सरोवराने उत्तर दिले आहे. एर्नेस्तो कार्देनाल हा कवी १९५४ मधील सोमोसाविरोधी कटात सामील होता. पुढे तो अमेरिकेतील केंटकी राज्याच्या एका मठात थॉमस मर्टन यांच्या हाताखाली साधक झाला आणि १९६५ मध्ये त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतली. दुसऱ्याच वर्षी निकाराग्वा सरोवरातील सोलेंतिनामे या बेटांवर, गरीब शेतकरी आणि कोळी यांच्या वस्तीत, त्याने आपला आश्रम उभारला. तेथे रविवारच्या उपासनेत प्रवचन नसे. शुभवर्तमानातील एक उतारा वाचला जाई आणि मग जमलेली माणसे त्यावर बोलत. येशूचा जन्म गोठ्यात का झाला, हेरोद कोणाला म्हणावे, देवाचे राज्य मेल्यानंतर यायचे की मरण्यापूर्वी, असे प्रश्न निघत. एकमत क्वचितच होई. कोणाला त्या पानांत क्रांती दिसे, कोणाला केवळ प्रेम. कार्देनालने ही संभाषणे ध्वनिफितीवर उतरवून घेतली आणि १९७५ पासून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. याच माणसांच्या हाती रंग आणि कुंचले आले, तेव्हा त्यांनी आपली झाडे, आपल्या होड्या आणि आपले सरोवर रंगविले.

हे अफूचे लक्षण आहे काय? अफूने माणूस निजतो. येथे माणसे जागी झाली. आपल्या दारिद्र्याला देवाची संमती नाही, हे त्यांना कोणत्याही अभ्यासवर्गाने शिकविले नव्हते. परस्परांशी बोलताना ते त्यांचे त्यांनाच उमगले. ज्याला स्वतःचे चित्र काढता आले, त्याला मालकाने काढलेले आपले चित्र खोटे वाटू लागते. सृजनाचा आणि न्यायाचा संबंध तो हाच.

१३ ऑक्टोबर १९७७ रोजी या वस्तीतील तरुण सान कार्लोस येथील लष्करी तळावरील हल्ल्यात सामील झाले. त्यांतील काही मारले गेले आणि सोमोसाच्या नॅशनल गार्डने आश्रम उद्ध्वस्त केला. शस्त्र उचलणे योग्य होते काय? व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सैन्यभरतीची कागदपत्रे जाळून तुरुंगात गेलेले जेझुइट पुरोहित डॅनियल बेरिगन यांनी १९७८ मध्ये अनावृत पत्र लिहून कार्देनालला हा प्रश्न विचारला. कोणतेही तत्त्व एका माणसाच्या जिवाएवढे मोलाचे नसते, असा त्यांचा आक्षेप होता. सत्याग्रहाच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्याला तो झटकून टाकता येणार नाही. परंतु हा आक्षेप घेण्याचा अधिकार बेरिगन यांना होता, कारण त्यांनी स्वतः किंमत मोजली होती. सोमोसाच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या घराणेशाहीपुढे मौन पाळून शेतकऱ्याच्या बंदुकीकडे तेवढे बोट दाखविणाऱ्यांना तो नव्हता.

१९ जुलै १९७९ रोजी क्रांती विजयी झाली. कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाला आणि त्याच्या खात्याने पोलीस, सैनिक, कामगार यांच्यासाठी काव्यशाळा काढल्या. सगळ्या कविता एकाच साच्यातल्या निघतात, अशी टीका झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. मात्र रोमला खुपला तो कवितेचा साचा नव्हे. ४ मार्च १९८३ रोजी मानाग्वाच्या विमानतळावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुडघे टेकलेल्या कार्देनालवर सर्वांदेखत बोट उगारले. पुढे त्याला पौरोहित्याची कर्मे करण्यास बंदी झाली. १९८० च्या साक्षरता मोहिमेचे नेतृत्व करणारा त्याचा भाऊ फेर्नांदो यालाही १९८४ मध्ये जेझुइट संघाबाहेर काढण्यात आले. धर्माचे राजकारण नको, असे हे धर्माधिकारी सांगत. परंतु जमीनदाराच्या बाजूचे राजकारण त्यांना राजकारण वाटतच नसे. कार्देनालवरील बंदी उठण्यास फेब्रुवारी २०१९ उजाडावे लागले. तेव्हा तो ९४ वर्षांचा होता आणि अंथरुणाला खिळलेला होता.

येथवरची कथा पुरोगामी वाचकाला आवडेल. उत्तरार्ध कडू आहे, आणि म्हणूनच अधिक उपयोगाचा आहे. सांदिनिस्ता पक्ष एका नेत्याची मालमत्ता होत चालल्याचे पाहून कार्देनालने १९९४ मध्ये पक्ष सोडला. त्या नेत्याने, दानिएल ओर्तेगाने, पूर्वी शत्रू मानलेल्या धर्मपीठाशीच जुळवून घेतले. २००६ मध्ये गर्भपातावर संपूर्ण बंदी घालणारा कायदा सांदिनिस्तांच्या मतांनी संमत झाला आणि २००७ मध्ये ओर्तेगा सत्तेवर परतला. २०१८ च्या निदर्शनांत तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. मार्च २०२० मध्ये मानाग्वाच्या कॅथीड्रलमध्ये कार्देनालच्या अंत्यविधीत सरकारसमर्थकांनी ‘देशद्रोही’ अशा घोषणा दिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये जेझुइटांचे विद्यापीठही याच राजवटीने जप्त केले. ज्याच्यावर पोपने बोट उगारले, त्याच्यावर अखेरीस त्याच्याच क्रांतीने मूठ उगारली. रोमला त्याचा मार्क्स सोसला नाही आणि ओर्तेगाला त्याचा संशय सोसला नाही.

तेव्हा खरी सीमारेषा आस्तिक आणि नास्तिक यांच्यात नाही. ती प्रश्न विचारू देणारे आणि न देणारे यांच्यात आहे. साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणास बसले, ते विठ्ठलावरील भक्तीपोटीच. आणि अस्पृश्यतेची पाठराखण करणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते. नाव एकच, बाजू दोन. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, म्हणून त्यांना न्यायालयाकडे मागणी करावी लागली. तळोजाच्या तुरुंगातून ते घरी परतले नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीतच, त्यांचे निधन झाले. त्यांची श्रद्धा अफू होती असे म्हणावयाचे असेल, तर एका वृद्धाच्या त्या अफूची शासनाला एवढी धास्ती का वाटावी?

याचा अर्थ चळवळीने बुवाबाजीशी तडजोड करावी, असा नव्हे. जी श्रद्धा प्रश्नाला पाप मानते, तिच्याशी लढावेच लागेल. परंतु तोच निकष पक्षालाही लागू आहे. ज्या शाखेच्या बैठकीत नेत्याच्या भाषणानंतर कोणी हात वर करीत नाही, जेथे शंका घेणाऱ्याच्या निष्ठेची चौकशी होते, ती शाखा नसून मठ आहे. तेथे मूर्ती नसेल, पण पुजारी आहे. सोलेंतिनामेच्या कोळ्यांना बायबलसमोर जेवढे बोलता आले, तेवढे कार्यकर्त्याला आपल्या नेत्यासमोर बोलता येते काय? ज्या पक्षाला या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धैर्य नाही, त्याने दुसऱ्याच्या श्रद्धेला अफू म्हणू नये.