रंगाखाली बुजणारा पुरावा

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाड्यांमध्ये बसवला जाणारा ‘वायरलेस सेट क्रमांक १९’ आजही संग्राहकांचा लाडका आहे. कॅनडात बनलेल्या अनेक संचांवर इंग्रजीसोबत रशियन अक्षरेही आढळतात, कारण ते सोव्हिएत सैन्यालाही पुरवले जात. एका पत्र्यावर दोस्त राष्ट्रांचा अख्खा करार वाचता येतो! असा संच मिळताच तो खरवडून नव्या रंगाने चकचकीत करण्याची हौस मात्र घातक आहे. भांडाराचे शिक्के, घाईत केलेले डाग, पोचे हेच त्या यंत्राचे दफ्तर. लष्करी जीपवरील रंगाच्या थरांचेही तेच. निकामी कपॅसिटर खुशाल बदलावा. जुना चिठ्ठी लावून जपावा. बाहेरचा पत्रा तसाच राहू द्यावा.